विंगवरून बॅकला आलात? पुढं पळणाऱ्या फुल-बॅकनं बचाव कसा करायचा

एकोणीस वर्षांचा होतो. फुटबॉलच्या प्रॅक्टिस मॅचला आमच्या राइट-बॅकचा, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूचा, पाय मुरगळला आणि सरांनी मला विंगवरून काढून त्याच्या जागी उभं केलं. सांगितलं एवढंच, "तू पळतोस चांगला. आता मागनं पळ." त्या एका वाक्यावर मी बॅक झालो. पुढच्या तीन मॅचमध्ये माझ्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या बॉलवर, आमचे दोन गोल झाले आणि माझ्या बाजूनं आम्ही चार खाल्ले. कोल्हापुरात पेठेतल्या माणसांना तुमचा क्रॉस आठ दिवसांत विसरायला होतो, पण खाल्लेला गोल पोरं दोन वर्षांनी चहाच्या गाड्यावर काढतात.

तुम्हीही असेच विंगर (कडेनं चढाई करणारा) किंवा हाफ (मधल्या फळीतला) म्हणून वाढलेले असाल आणि अचानक बॅकला टाकले गेला असाल, तर हे तुमच्यासाठी. मी राइट-बॅकच्या नजरेनं लिहितोय. लेफ्ट-बॅकवाल्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड येईल. तो लिव्हरपूलच्या अकादमीत मिडफिल्डला खेळायचा, नंतर राइट-बॅक झाला. प्रीमियर लीगच्या २०१८-१९ च्या मोसमात त्याचे १२ असिस्ट (गोल झालेले पास) होते, पुढच्या मोसमात १३. बॅकला खेळणाऱ्या माणसाचे हे आकडे. आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचंच, "याला डिफेन्स येत नाही." माझ्या मते त्याला डिफेन्स येतो, पण ठरावीक दोन-तीन जागी तो सापडतो. तुम्हीही तिथंच सापडणार.

काय काय लागेल

- खुणेला ठेवायचे चार कोन (शंकू). नसतील तर चार चपला.
- एक विंगर मित्र, जो तुम्हाला गंडवायला लाजणार नाही.
- मोबाइल आणि उंचावर बसून शूटिंग करणारा एक जण. त्याला बजावून ठेवा: बॉलमागं कॅमेरा फिरवायचा नाही, आपली अख्खी बाजू दिसली पाहिजे.
- छोटी वही.
- मैदानाला साजेसे स्टड. कडक मुरमाच्या ग्राउंडवर लांब स्टड घालून वळायला गेलात तर घोटा जातो. शिनगार्ड तर घालाच.

१. तुमची ताकद कुठली, ते आधी समजून घ्या

नवा बॅक पहिली चूक करतो ती घाबरून मागं बसायची. दोन गोल खाल्ले की तो हाफलाइन ओलांडायची बंद करतो. मीही केलं होतं. त्यानं समोरच्या विंगरची सोयच झाली. त्याला परत धावायचं कामच उरलं नाही, ताजातवाना राहून तो दर वेळी अंगावर यायला लागला.

पुढं जाणारा बॅक स्वतःच एक बचाव असतो. तुम्ही वर गेलात की त्यांच्या विंगरला दोनच पर्याय राहतात: तुमच्यामागं यायचं, नाहीतर तुम्हाला मोकळं सोडायचं. तो मागं आला तर त्यांच्या गोलजवळ आला, म्हणजे आपल्या गोलपासून साठ-सत्तर मीटर लांब गेला. टॅकल न करता माणूस संपवायचा हा एकच मार्ग मला ठाऊक आहे. दुसरी ताकद पायात. दबावाखाली बॉल शांतपणे बाहेर काढता येणारा बॅक असला की टीम आपल्याच डीसमोर (गोलपुढच्या चौकटीसमोर) बॉल गमावत नाही. तिसरी, परत येण्याचा वेग. विंगर म्हणून वाढलात म्हणजे तो असणारच, पण त्याच्या भरवशावर जगू नका. वेग चूक झाल्यावर कामाला येतो आणि पंचाहत्तराव्या मिनिटानंतर तोही येत नाही.

कच्चे दुवे तीन: पाठीमागची मोकळी जागा, एकास एक उभं राहण्यातला उतावीळपणा आणि लांबचा (बॉलपासून दूरचा) गोलखांब. चौथा हवेतला बॉल. उंची कमी असेल तर उडी मारण्याआधी समोरच्याला कमरेनं हलकं अडवायला शिका, बाकी फार करता येत नाही.

२. निघण्याआधी मागं बघा

तुमचा डिफेन्स बॉल आपल्या टीमकडे असतानाच सुरू होतो. हे वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ते चारातले दोन गोल तरी वाचले असते.

ओव्हरलॅपला, म्हणजे आपल्या विंगरला ओलांडून पुढं, निघताना तीन गोष्टी बघायच्या. बॉल कुणाच्या पायात आहे आणि तो अडकलाय का? आपला होल्डिंग हाफ (बचावापुढं थांबणारा हाफ) कुठल्या बाजूला उभा आहे? त्यांचा विंगर तुमच्याबरोबर निघाला की हाफलाइनवर थांबला? थांबला असेल तर तो आळशी आहे असं समजू नका. तो तुमच्या जाण्याचीच वाट बघतोय.

२०१८ ची चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, बायर्न म्युनिक विरुद्ध रेआल माद्रिद. म्युनिकमधल्या पहिल्या मॅचला रेआलचा लेफ्ट-बॅक मार्सेलो वर गेलेला, त्याच्या मागचं रान मोकळं, बायर्नच्या हामेस रॉड्रिगेझनं त्यात बॉल सोडला आणि किमिशनं पळत जाऊन २८ व्या मिनिटाला गोल केला. किमिशही त्या दिवशी राइट-बॅकलाच होता. हाफटाइमच्या जरा आधी मार्सेलोनंच बरोबरीचा गोल केला. माद्रिदमधल्या दुसऱ्या मॅचला तिसऱ्या मिनिटाला पुन्हा किमिशनं गोल केला आणि पुन्हा मार्सेलोच्याच क्रॉसवर बेन्झेमानं बरोबरी केली. रेआल ४-३ नं पुढं गेलं. मला ही जोडी फार आवडते, कारण त्यात सगळा हिशोब उघडा पडतो: एका बॅकच्या बाजूनं दोन खाल्ले, त्याच बॅकमुळे दोन झाले.

तुमच्या टीममध्ये मागं रेआलसारखा सर्हिओ रामोस नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

३. बॉल गेला की कुठं पळायचं

तुम्ही वर आहात आणि आपला बॉल गेला. आता विचाराला वेळ नाही, म्हणून नियम आधीच पाठ हवा. बॉल पाच-सहा पावलांत असेल तर लगेच अंगावर जा, त्याला मान वर करू देऊ नका. त्याहून लांब असेल तर बॉलचा नाद सोडा आणि मागं फिरा.

मागं फिरायचं ते कुठं? इथं नव्वद टक्के नवे बॅक फसतात. ते टचलाइनला धरून सरळ पळतात, नाहीतर बॉलवाल्याच्या पाठीमागं लागतात. पाठीमागून पळणारा फार तर फाउल करू शकतो, तोही डीच्या कोपऱ्यावर. तुम्ही तिरकं पळा, आपल्या गोलच्या जवळच्या खांबाकडे. तुमची आणि विंगरची वाट आपोआप एकमेकींना छेदते आणि तुम्ही त्याच्या आणि गोलच्या मधे येता. बॉल हिसकावला नाही तरी चालेल. त्याला बाहेरून लांबचा वळसा घ्यायला लावलात की तेवढ्यात स्टॉपर (मधला बचावपटू) येतो.

आता उलटी वेळ. तुम्ही जागेवर आहात, पण त्यांच्या मिडफिल्डरकडे बॉल आहे आणि त्याच्या अंगावर कुणीच नाही. अशा वेळी ऑफसाइडची लाइन धरून उभं राहायचं नाही, दोन-चार पावलं आधीच मागं सरायचं, अंग अर्धं वळवून. ६ एप्रिल २०२१ ला माद्रिदमध्ये लिव्हरपूलविरुद्ध रेआलच्या टोनी क्रोसला असाच निवांत वेळ मिळाला. त्यानं मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागातून लांब बॉल टाकला, रेआलचा विंगर विनिसियस ट्रेंट आणि स्टॉपरच्या मधून पळाला आणि गोल झाला. थोड्या वेळानं तसाच एक लांब बॉल आला. ट्रेंटनं तो डोक्यानं मागं आपल्या गोलीकडे द्यायचा प्रयत्न केला, पण बॉल पडला आसेन्सिओपुढं. दुसरा गोल. लिव्हरपूल ती मॅच ३-१ हरलं.

*सापळा:* आपल्या गोलकडे तोंड करून पळत असताना हेडर मागं देऊ नका. बाहेर थ्रो-इनला घाला. लोक हसू देत.

४. एकास एक: पाय घालू नका

विंगर म्हणून तुम्ही आयुष्यभर बॅकला पाय घालायला लावलाय. तो पाय घालायचा, तुम्ही कट मारून निघायचात. आता तुम्ही त्या बाजूला आहात आणि पायाला खाज सुटते.

मी हे शिकलो ते चार चपलांवर. मैदानाच्या कडेला दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी गल्ली करायची. एका टोकाला विंगर मित्र बॉल घेऊन, दुसऱ्या टोकाला तुम्ही. अट एकच: पहिले पंधरा दिवस बॉल काढायचाच नाही. फक्त त्याच्यापुढं मागं मागं सरकत राहायचं आणि त्याला गल्ली पार करायला जितका उशीर करता येईल तितका करायचा. पहिल्या दिवशी माझा मित्र दोन सेकंदांत पार झाला, मी बसून राहिलो. आठवड्यानं तो वैतागून बॉल उचलून म्हणाला, "अरे, काहीतरी कर की!" तिथं मला कळलं की काम जमतंय.

उभं राहायची पद्धत अशी. समोरासमोर छाती करून उभं राहायचं नाही, तिरकं राहायचं, एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, वजन टाचांवर नाही तर पंजांवर. अंतर साधारण दीड हात. त्याहून जवळ गेलात तर तो ढकलून पळतो, लांब राहिलात तर मान वर करून क्रॉस टाकतो. डोळे बॉलवर, त्याच्या खांद्यांच्या नाचावर नाहीत. खांदे खोटं बोलतात, बॉल बोलत नाही. पाय घालायची वेळ एकच: बॉल त्याच्या पायापासून एक पाऊल जास्त सुटला की.

कुठल्या बाजूला ढकलायचं ते तुमचा पुढचा पाय ठरवतो. डाव्या विंगला उजव्या पायाचा माणूस असेल तर त्याला आत येऊन मारायचं असतं. आतली वाट बंद करा आणि त्याला लाइनकडे द्या. डाव्या पायाचा असेल तर लाइनवर त्याचा क्रॉस धारदार असतो. मग आपला हाफ आत जवळ आहे का ते बघून त्याला आत ढकला. हाफ नसेल तर लाइनकडेच द्या आणि क्रॉस अंगावर घ्या. पहिल्या पाच मिनिटांत त्याचा पाय कुठला ते ओळखता आलं पाहिजे. वॉर्मअपला बघा, तिथंच कळतं.

*सापळा:* आपल्या माणसामागं मैदानभर फिरू नका. १९७० च्या वर्ल्ड कप फायनलला इटलीचा लेफ्ट-बॅक फाकेत्तीकडे ब्राझीलचा विंगर जैर्झिन्यो होता. जैर्झिन्यो विंग सोडून आत आणि पार दुसऱ्या अंगाला सरकला, फाकेत्ती त्याच्यामागं गेला. मागं उरलेल्या मोकळ्या पट्टीत ब्राझीलचा राइट-बॅक कार्लोस अल्बेर्तो धावत आला, पेलेनं त्याच्या वाटेत बॉल नुसता सरकवला आणि तो ४-१ चा गोल झाला. गंमत म्हणजे पुढं जाऊन गोल मारणारा बॅक म्हणून त्याआधी इटलीत नाव होतं ते फाकेत्तीचंच. माणूस आत गेला की "तुझा!" म्हणून हाफच्या हवाली करा आणि जागेवर थांबा.

५. लांबचा खांब

हे प्रकरण मी मुद्दाम सावकाश लिहितोय, कारण पुढं खेळणाऱ्या बॅकला सगळ्यात जास्त गोल इथून पडतात आणि त्याची प्रॅक्टिस जवळपास कुणीच करत नाही.

बॉल मैदानाच्या दुसऱ्या अंगाला आहे. तिकडे आपला लेफ्ट-बॅक झुंजतोय. तुम्हाला वाटतं आपलं काम नाही, जरा श्वास घ्यावा. डोळे आपसूक बॉलकडे जातात. विंगर म्हणून तुम्हाला बॉलच बघायची सवय, पाठीमागं कोण येतंय याच्याशी तुमचा कधी संबंधच आला नाही. आणि तुमच्या पाठीमागं दोन पावलांवर त्यांचा विंगर उभा आहे, तुम्हाला दिसणार नाही अशाच जागी. ती जागा त्यानं निवडलेली असते.

२८ मे २०२२, पॅरिस, चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. ५९ व्या मिनिटाला रेआल माद्रिदचा वाल्वेर्दे उजवीकडून आला आणि त्यानं जमिनीलगत जोरात बॉल आत मारला. शॉट म्हणा, क्रॉस म्हणा. ट्रेंट गोलकडे सरकत होता, डोळे बॉलवर. त्याच्या मागून लांबच्या खांबाजवळ विनिसियस आला आणि त्यानं बॉल सरळ जाळ्यात घातला. मॅच १-० नं संपली, त्याच गोलवर.

मी तो गोल कितीदा बघितला असेल याचा हिशोब नाही. सगळा दोष ट्रेंटवर टाकणं मला पटत नाही. बॉल इतका जोरात आला की वळूनही तो पोचला असता का, कुणास ठाऊक. शिवाय लिव्हरपूलची ती त्या मोसमातली ६३ वी मॅच होती. पण क्षणभर आधी थांबवून बघा: त्याची मान एकदाही मागं वळत नाही. विनिसियस कुठं आहे हे त्याला बॉल येण्याआधी माहीत नव्हतं. दुरुस्ती करायची ती तिथं.

करायचं काय? बॉल दुसऱ्या अंगाला असताना दर दोन सेकंदांनी मान मागं. मनात मोजा, "बॉल, माणूस, बॉल, माणूस." अंग असं तिरकं ठेवा की पाठ टचलाइनकडे पूर्ण जाणार नाही, बॉल आणि माणूस दोन्ही एका नजरेत येतील. गर्दीत हात मागं ठेवून पाठीचा माणूस बोटांना लागतोय का ते चाचपा, ओढू नका. आणि बॉलच्या रेषेत पळत गोलमध्ये घुसू नका, क्रॉस तुमच्या मागून जातो. मधल्या स्टॉपरपासून फार लांब राहिलात तर तुमच्या दोघांमधून जातो. सात-आठ पावलांचं अंतर मला बरं पडायचं.

प्रॅक्टिस सोपी आहे. एकानं समोरून क्रॉस टाकायचे आणि दुसऱ्यानं तुमच्या पाठीमागं उभं राहून बोटं वर करायची. क्रॉस सुटायच्या आधी किती बोटं होती ते ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी माझी दहातली दोन बरोबर आली. एक अंदाजे होतं.

६. जोडीदारांशी आधीच ठरवा

एकट्या बॅकचा डिफेन्स नसतोच. तुम्ही गेलात की कोण सरकणार हे मॅचच्या आधी ठरलेलं हवं. लिव्हरपूलच्या चांगल्या दिवसांत ट्रेंट आणि पलीकडचा अँडी रॉबर्टसन दोघंही वर जायचे, पण उजव्या बाजूला हाफ हेंडरसन मागची जागा भरायचा, बचावासमोर होल्डिंग हाफ फाबिन्यो असायचा आणि शेवटी स्टॉपर व्हॅन डाइक. २००२ च्या वर्ल्ड कपला ब्राझीलचे दोन बॅक, काफू आणि रॉबर्टो कार्लोस, बिनधास्त पळाले, कारण ब्राझीलनं मागं लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर असे तीन स्टॉपर ठेवले होते. आपल्याकडे बहुतेक टीम दोनच स्टॉपर लावतात. म्हणून साधा नियम: तुम्ही गेलात की पलीकडचा बॅक थांबेल आणि आत सरकेल.

९ एप्रिल २०२३ ला आर्सेनलविरुद्धच्या मॅचपासून लिव्हरपूलनं ट्रेंटला वेगळ्या कामाला लावलं. बॉल आपल्याकडे असताना तो टचलाइनवरून वर न जाता मधे हाफजवळ यायचा, मागं तिघं राहायचे. त्यानं मध्यभाग भक्कम होतो, पण बॉल गेला की उजवी कड उघडी पडते आणि स्टॉपरला एकट्याला तिकडे धावावं लागतं. यूट्यूबवर हे बघून गल्लीतल्या टीममध्ये करायला जाऊ नका. आम्ही केलं. पहिल्या हाफमध्ये तीन खाल्ले आणि आमचा स्टॉपर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

ओरडायचे शब्दही ठरवून ठेवा, एक-एक शब्दाचेच. आमचे होते: "गेलो", "थांब", "मागं", "तुझा". "जरा मागं बघ रे तिकडे कोणतरी आलंय" एवढं बोलून होईपर्यंत बॉल जाळ्यात असतो.

७. शिट्टी झाली म्हणजे विश्रांती नव्हे

१ जुलै २००६, फ्रँकफर्ट, वर्ल्ड कपमध्ये फ्रान्स विरुद्ध ब्राझील. फ्रान्सच्या झिदाननं फ्री-किक घेतली तेव्हा रॉबर्टो कार्लोस डीच्या कडेला वाकून मोज्यांपाशी हात लावून उभा होता. लांबच्या खांबाला आन्री एकटा आला. १-०, ब्राझील घरी. मोजे हाफटाइमला वर ओढा.

८. धावा मोजून खर्च करा

वर जायची संधी दिसली की दर वेळी जायचं, ही विंगरची सवय. बॅकला प्रत्येक जाण्याचं परत येणंही पळावं लागतं. मी स्वतःला घालून घेतलेला नियम: लागोपाठ दोनदा वर गेलो की तिसऱ्यांदा थांबायचं, फक्त हाफला मागं पास द्यायला उभं राहायचं. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची मॅच असेल तर एकदा जा, एकदा थांबा. आघाडीवर असताना शेवटच्या दहा मिनिटांत वर जायचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

९. आपली मॅच वहीत उतरवा

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बघा, त्याच रात्री नको. त्या रात्री आपण एकतर स्वतःला शिव्या देतो नाहीतर हाफला. टॅकल मोजू नका, जास्त टॅकल म्हणजे बहुतेकदा आधी जागा चुकलेली असते. वहीत तीनच रकाने करा: त्यांच्या विंगरला तुमच्या पाठीमागं, गोलकडे तोंड करून बॉल किती वेळा मिळाला, त्या प्रत्येक वेळी तुम्ही कुठं होता, आणि बॉल दुसऱ्या अंगाला असताना तुमची मान किती वेळा वळली.

माझ्या पहिल्या वहीत, त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या एका मॅचखाली, तिसऱ्या रकान्यात शून्य आहे. त्याखाली मी पेनानं लिहिलंय, "कॅमेरा लांब होता, नीट दिसत नाही." दिसत होतं.